न वाजणारा खाऊ

दसऱ्याच्या सुट्ट्यांत मुलगी तिच्या बाबांकडे जळगाव जामोदला जाते. घटस्फोटात तसंच ठरलंय. ती नसली की नांदुऱ्याच्या या घरात तिचा वावर जास्तच जाणवतो. मोरीत मांजरानं बादली वाजवली की मी ओरडते, "हळू गं!" मग आठवतं, घरात मी एकटीच आहे. ती कायमचीच तिकडं गेली तर, अशी भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

यंदा तिच्या बाबांनी नवीनच काढलं होतं. पुढच्या वर्षी तिला तिकडच्या शाळेत घालायचं. दिवाळीनंतर तिलाच विचारायचं, तिला कुठं राहायचंय ते. मी हो म्हणून बसले होते. मनात म्हटलं, तोवर तरी झाकली मूठ सव्वा लाखाची.

भुलाबाईचे दिवस होते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघरी गाणी म्हणतात, मग डबा हलवून खाऊ ओळखायचा. आमची मुलगी यात पटाईत. यंदा ती नव्हती, तरी मी खाऊ केला. शिरा! डब्यात दाबून बसवला की मुळीच वाजत नाही. पोरी दमल्या.

"काकू, तिले फोन लावा न! ते बराबर ओळखते."

मला तेच तर हवं होतं. सोपा खाऊ केला असता तर फोन लावायची वेळच आली नसती, आणि लावला तरी झटकन संपला असता.

फोन लावला आणि त्याच्याजवळ डबा हलवला.

"काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं, आई. गोड हाय का तिखट?"

"गोड."

"लाडू? गुळपापडी?"

"नाही." मी पुन्हा डबा हलवला. मला अगदी ती समोर बसल्यासारखं वाटत होतं. तिच्या मागं गाण्याचा आवाज येत होता. तिकडंही भुलाबाई मांडली होती.

"हरली मी. लवकर सांग न, आई."

"इतक्यात हरलीस? अजून एकदा ओळख."

"नाही न. आता आमच्या घरी गाणी हायेत. साऱ्या माह्यासाठी थांबून राह्यल्या."

आमच्या घरी. किती सहज म्हणाली!

मी सांगितलं, "शिरा." ती हसली आणि फोन ठेवून पळाली. पोरींनी हात पुढे केले. मी एकेकीला शिरा वाढत गेले. दिवाळीनंतर तिला काही विचारायची गरज उरली नव्हती.