धुळ्याहून आलेली चौकशी

कॉलेजने मला काढून टाकलं आणि मी संस्थेवर दावा ठोकला. भांडायची खोड मला जुनीच. जळगावात भेटेल त्याला मी 'कोर्टात बघून घेतो' असं ऐकवत हिंडलो. पुढे पुढे लोक मला पाहून रस्ता बदलू लागले.

वकिलांनी बजावलं होतं, "सर, जिंकलो तर मागचा पगार मिळेल. पण मधल्या काळात तुम्ही कमावत होता हे त्यांनी दाखवलं, तर तो गेला." मी बेकार असल्याचं शपथपत्र दिलं. घर मात्र शपथपत्रावर चालत नाही. मागच्या खोलीत गुपचूप शिकवण्या सुरू केल्या. मुलं बोळातून यायची, चपला हातात घेऊन. शेजारच्या अक्का दिवसभर ओट्यावर बसून गल्लीवर नजर ठेवायच्या. त्यांना मी पढवून ठेवलं, "कॉलेजची माणसं माझी चौकशी करत येतील. सांगा, सर नुसते घरी बसून असतात, कुणालाही शिकवत नाहीत." अक्कांची स्वतःची नात, इंग्रजीत सारखी नापास होणारी, माझ्याकडेच शिकून दहावी झाली होती.

मग धुळ्याच्या एका संस्थेत जागा निघाली. ही नोकरी कोर्टाला उघड सांगता आली असती; तेव्हापासूनच्या पगारावर पाणी सोडावं लागलं असतं, पण चोरटेपणा संपला असता. मला ती हवीच होती. अर्जासोबत कुणातरी प्रतिष्ठिताची शिफारस लागणार होती, म्हणून माझ्या जुन्या विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. "तुमच्यासारखा शिकवणारा नाही हो. पण लेखी मागू नका. मला अजून पेन्शनपर्यंत पोचायचंय." दुसऱ्या एका सहकाऱ्याने बायकोकडून 'घरी नाहीत' म्हणून सांगवलं. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. दारात उभं राहून मी त्या बाईंना नमस्कार केला, याची मला अजून लाज वाटते.

शिफारशीविनाच मुलाखतीला गेलो. शिकवून दाखवलं ते तिथल्या अध्यक्षांना आवडलं. सगळे त्यांना नाना म्हणत. "जुन्या कॉलेजला काय विचारायचं? कोर्टकज्जा चाललाय, वाईटच सांगतील," नाना म्हणाले. "पोरीसाठी स्थळ बघतो, तशी आम्ही गल्लीत चौकशी करू." मला हायसं वाटलं. परतीच्या एसटीत मी धुळ्यात खोली कुठे घ्यायची तेही ठरवून टाकलं.

काही दिवसांनी बाजारातून आलो, तर अक्कांनी ओट्यावरून हाक मारली. चेहरा अगदी खुललेला.

"सर, एक मानूस उना व्हता. तुमनी चौकशी करी ऱ्हायना व्हता."

"कसा होता, अक्का?"

पांढऱ्या मिशा, डोळ्यावर जाड चष्मा, काखेत छत्री. मुलाखतीच्या दिवशी मला पाणी आणून देणारे धुळ्याचे हेडक्लार्क. धुळ्याचीही चौकशी येईल, हे अक्कांना सांगायचं माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"मी त्याले सांगी दिधं, सर बठ्ठा दिन घरमाच बशेल ऱ्हातस. कोनलेच शिकाडतस नहीत. परत परत इचारे, पन मी काय बधनारी शे?"

धुळ्याला धावत जावं असं क्षणभर वाटलं. पण जाऊन सांगणार काय? शेजारीण खोटं बोलली, आणि ते खोटं मीच तिला शिकवलं? कोर्टातही तेच लिहून दिलंय? नानांच्या लेखी मी आळशी ठरलो होतो. खरं सांगितलं असतं तर लबाड ठरलो असतो. पाय उचललाच नाही.

"बराबर सांगं ना?" अक्कांनी विचारलं.

"बरोबर सांगितलंत."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "मनी नात तुमनामुळेच पास व्हयनी, हाई सांगाले जीव तळमळी ऱ्हायना व्हता, सर. पन तुम्ही नही सांगेल व्हतं ना. तोंड दाबी धरं."

माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. "बरं केलंत, अक्का," मी म्हणालो आणि घरात गेलो.