हललेल्या हाताचा फोटो

१३ डिसेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी मुलीची पहिली बरसी होती. तूप, पत्रावळी आणि फुलं आणायला मी सिव्हिक सेंटरच्या बाजारात गेले. फुलवाल्यानं तासाभरानं यायला सांगितलं. समोरच्या हॉलवर जपानी फोटोंच्या प्रदर्शनाचा फलक होता. बसायला खुर्ची मिळेल म्हणून आत शिरले.

आत कुणीच नव्हतं. बाहेर उन्हात बसलेला चौकीदार उठून आला आणि त्यानं माझ्यासाठी दिवे लावले. लोक बाथरूम विचारायला येतात, फोटो बघायला कोणी येत नाही, असं हिंदीत सांगून परत उन्हात जाऊन बसला.

एका भिंतीवर बर्फ, मासळीबाजार, ओल्या छत्र्या. दुसरीवर नाचणारी माणसं. एका मोठ्या फोटोत तरुण मुलगी गिरकी घेत होती. चेहरा अर्धा पलीकडे, आणि हात हलल्यामुळे नुसता पांढरा धूर. आमच्या स्टुडिओवाल्यानं हा फोटो खराब ठरवला असता.

एक ठरवलाच होता. आमच्याकडे तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत, गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावावा लागतो, आणि टिळा लावायला चेहरा समोर हवा. माझी मुलगी कथक शिकायची. डेंग्यूनं गेली. माझ्या फोनमधला तिचा शेवटचा फोटो असाच होता, गिरकीतला. स्टुडिओवाल्यानं त्यातला चेहरा तेवढा कापून घेतला, कॉम्प्युटरवर समोर वळवला, डोळे सरळ केले. खाली तयार गुलाबी साडी जोडली. तिनं जन्मात साडी नेसली नव्हती. नातेवाईक म्हणाले, छान आला.

मी त्या जपानी मुलीसमोर किती वेळ उभी होते, माहीत नाही. फुलं घेऊन घरी आले तेव्हा हे फर्स्ट शिफ्ट करून येऊन जेवायला बसले होते. उशीर कावून झाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ते भात कालवत राहिले.

"मले तं फोटोतली ते पोरगी ओळखूच येत नाही," ते म्हणाले. "हात जोडतो, पण डोये मिटून."

"मग बोलले कावून नाही?"

"तू रोज पुसून राहिली ना तो फोटो."

मी उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो उतरवला. नणंद म्हणाली, "फोटोबिना बरसी कशी होईन, वहिनी?" मी माझ्या फोनवर तिचा गिरकीतला फोटो उघडला आणि फोन पाटावर तांब्याला टेकवून उभा केला. टिळा काचेवरच लावला. लोक एकेक करून फुलं वाहत होते. स्क्रीन सारखी काळी पडत होती. मी शेजारी बसून बोटानं ती पुन्हा पुन्हा उजळवत होते.