मुकं रीळ

"आवाज कुठाय?" कारवारहून आलेल्या गिऱ्हाइकानं सँपलचं रीळ कानाला लावून विचारलं.

"येतच नाही!" मी फुशारकीनं सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. मग माझाही.

उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरी मी सांभाळते. गिऱ्हाइकाला काय हवंय ते ड्रॉइंगवर आणायचं, आणि ड्रॉइंगप्रमाणेच माल निघतोय ना, ते बघायचं. ही ऑर्डर मासेमारीच्या रिळांची, म्हणजे गळाचा दोरा गुंडाळायच्या चकरीची. पंपाची कामं आटल्यापासून आमचे तीन लेथ धूळ खात होते. सँपल पास झालं तर ते राहणार, नाहीतर साहेब विकून मोकळे होणार. त्या लेथवर तवनाप्पांची हयात गेलेली. निपाणीकडचे जैन, बाजारात मासळी दिसली तर रस्ता बदलणारे.

मी त्यांना गाठलं. "आप्पा, ड्रॉइंगमध्ये दातेरी चकती होती. तिचे दात कुठं गेले?"

"कानशीनं घासले की, आक्का! कर्रर्र करत होतं. आवाज आला म्हंजे कायतरी चुकलंय. आता बघा, कसं लोण्यागत फिरतंय!"

आणि तपासणीच्या कागदावर 'आवाज नाही, ओके' लिहून मीच सही ठोकली होती. कपाळ माझं!

गिऱ्हाईक भला माणूस. न चिडता सांगितलं त्यांनी. रॉड वाळूत रोवून माणसं गप्पा मारत बसतात. माशानं दोरा ओढला की चकती वाजते, तेव्हा कुठं कळतं. "मुकं रीळ नेऊन मी काय करू? चारला माझी बस आहे."

आप्पांनी एवढंच विचारलं, "किती लांबनं ऐकू यायला पायजे?"

"मी पाठ करून चहा पीत असलो तरी."

आप्पांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही. नवी चकती कापली, दात खोल ठेवले, त्यावर पोलादी पट्टी टेकवली. तीनला गिऱ्हाइकानं आणलेल्या रॉडवर रीळ चढवलं आणि तो आवारातल्या मातीत रोवला. आता मासा कुठनं आणायचा?

"मी हाय की!" साहेब म्हणाले. दोऱ्याचं टोक त्यांच्या स्कूटरच्या कॅरियरला बांधलं. गिऱ्हाईक कँटीनच्या कट्ट्यावर पाठ करून बसले, हातात चहा.

स्कूटर निघाली. कर्रर्रर्रर्र!

चहा एकीकडं, चप्पल दुसरीकडं. गिऱ्हाइकानं धावत येऊन रॉड उपसला आणि असा हिसका दिला की स्कूटर डुगडुगली.

"अहो, सोडा! पडतोय मी!" साहेब ओरडले. अख्खं वर्कशॉप पोट धरून हसत होतं. आप्पा तेवढे डोळे मिटून ऐकत उभे होते.

"पास!" गिऱ्हाईक धापा टाकत म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्यांची चप्पल स्वतः शोधून आणली.

तेव्हापासून कुठलीही ऑर्डर आली की मी आधी विचारते, "ही वस्तू वापरताना तुम्ही बसता कुठं?" लोकांना हसू येतं. येऊ दे.

आता तिन्ही लेथ एकदम चालतात. फोनवर कुणाचं काही ऐकू येत नाही. परवा मी वैतागून तक्रार केली, तर आप्पा म्हणाले, "वाजू दे की गं, आक्का. गप हुते तवा झोप लागत न्हवती."