बिनदाण्याची खिरापत

ताईचे यजमान कुंभार पिंपळगावच्या शाळेत मास्तर होते. त्या वर्षी माझी शाळा संपलेली होती आणि पुढचं काही ठरलं नव्हतं, म्हणून भाद्रपदात मला ताईकडे पाठवलं. तुलाही मदत होईल आणि हिलाही माणसांत बसायची सवय लागेल, असं आईने तिला पत्रात लिहिलं होतं. पत्र ताईने मलाच वाचायला दिलं.

माझी सगळी शाळा औरंगाबादेत इंग्रजी माध्यमात झालेली. मराठी मी घरी बोलायचे, पण गावातल्या पोरींना ते गमतीचं वाटे. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, अकरा-बारा वर्षांची पोरगी मला न्याहाळून म्हणाली, "ही मावशी रेडिओवानी बोलते." त्यानंतर दोन दिवस मी जवळजवळ बोललेच नाही.

न बोलणाऱ्या माणसाला मुलांच्यात बसवून देतात, तसं मला बसवलं. भुलाबाई यायच्या होत्या, म्हणजे पोरींनी मातीच्या भुलाबाई-भुलोजी मांडून महिनाभर रोज संध्याकाळी गाणी म्हणायची. ताईची मुलगी सहा वर्षांची, तिला यंदा स्वतःच्या हाताने भुलाबाई करायची होती. कुंभाराकडून टोपलीभर मळलेली माती आली. शाळेत हस्तकलेच्या तासाला मी रंगीत कागदाची फुलं करायचे, त्याला कात्री, डिंक, पट्टी असं सगळं लागायचं. इथे कात्रीचं काम दात करत. पोरी ज्वारीचं ताट, म्हणजे धांडा, दाताने सोलत, वरच्या सालीच्या बारीक चोया काढत आणि आतला पांढरा मऊ गाभा तुकडे करून त्या चोयांवर ओवत. बघता बघता बैलगाडी तयार, चष्मा तयार. माझ्या हिरड्या पहिल्याच धांड्याला सोलल्या. माझ्या भाचीने केलेल्या भुलाबाईचं नाक एवढं मोठं झालं की भुलोजी तिच्याशेजारी बसताना एका बाजूला कलले. डोळ्यांना आम्ही ज्वारीचे दाणे लावले, गळ्यात करडईच्या बियांची माळ रोवली. पाच धांड्यांचा मांडव उभा केला. मांडव दोनदा पडला. तिसऱ्यांदा त्याला मी माझ्या वेणीची रिबीन बांधली, तेव्हा मोठ्या पोरीने मान डोलावली. "बराबर झालं," ती म्हणाली. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग रोज संध्याकाळी आठ-नऊ पोरी पाळीने एकेकीच्या घरी जाऊन गाणी म्हणत. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणी. तीच खिरापत. आत काय आहे ते ओळखायचं. डबा कानाशी हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट एवढंच विचारायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. आणि खिरापत काय केली आहे ते आधी कोणाला सांगायचं नाही, घरातल्या पोरीलासुद्धा नाही. बायका दुपारी दार लावून कुटत-भाजत बसायच्या.

माझ्या भाचीला शेंगदाणे चालत नसत. एक दाणा पोटात गेला की ओठ सुजत, अंगावर चट्टे उठत. कोणी म्हणे पित्त आहे, कोणी म्हणे दृष्ट. डॉक्टरांनी ताईला एवढंच बजावलं होतं की हिला दाण्याच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नका. आता आमच्याकडच्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कशात नसतो? भाजीत, कोशिंबिरीत, खिरापतीत तर हमखास. त्यामुळे ती गाणी म्हणे, डबा हलवी, ओळखण्यात भांडे, आणि वाटप सुरू झालं की हात मागे बांधून उभी राही. तिचा वाटा मी घेई. पंधरा दिवसांत माझं पोलकं घट्ट झालं.

एकदा तिने मला विचारलं, "मावशी, लाडू कसा लागतो?"

"गोड," मी म्हणाले.

"ते मला माहिती आहे," ती म्हणाली.

आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी ठरवलं की त्या दिवशी तिने सगळ्यांबरोबर, त्याच डब्यातलं खायचं. तीळ तिला चालत. तीळ, गूळ आणि ज्वारीच्या लाह्यांचे लाडू. तीळ मी भाजले, पण ताईचा खलबत्ता चहाचं आलं ठेचण्यापुरता, लहानसा. शेजारच्या काकूंकडे मोठा लोखंडी होता.

मी त्यांच्या दारात गेले. "काकू, खलबत्ता पाहिजे होता."

"काय कुटून राह्यलीस?"

खिरापत सांगायची नसते. त्यात मला नीट थापही मारता येत नाही. "मसाला," मी म्हणाले आणि खलबत्ता उचलून पळाले.

लाडू वळायला मी भाचीलाच घेतलं. नियम मोडला, पण लाडू वळणं हे मुलांच्या हाताचंच काम आहे, आणि तिने आजवर एकही वळला नव्हता. तिने सात वळले, लहान-मोठे, एक चपटा. आठव्याला तिने बोट चाटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मावशी, माझा ओठ जाड झाला."

पुढचं मी भरभर सांगते. ताईने तिला उचललं, भाऊजी सायकलवर डॉक्टरांना घेऊन आले, इंजेक्शन झालं. पोरी गाणी म्हणायला दारात आल्या होत्या, त्या तशाच ओट्यावर बसून राहिल्या. दिवेलागणीपर्यंत चट्टे उतरले आणि तिने पाणी मागितलं. मग ताई खलबत्ता घेऊन शेजारी गेली आणि मी मागोमाग.

"काकू, ह्यात दाणे कुटले होते का?"

"सकाळी कुटले की. मंग?" काकूंना सगळं कळल्यावर त्या आधी खाली बसल्या आणि नंतर माझ्यावर उखडल्या. "मसाला म्हणाली ही. मसाल्यात चिमूटभर कूट गेला तर गेला, म्हणून मी नुसता पदरानं पुसून दिला. पोरीसाठी हाय म्हणली असती तर मी राखेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन दिला नसता? का आमी वैरी हाव?"

 

ताईने त्या रात्री निर्णय दिला. उद्यापासून पोरीने भुलाबाईला जायचं नाही. कोण कशात काय घालतं, ते आधी कळत नाही, आणि कळू द्यायची रीत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाणी शेजारून ऐकू येत होती. भाची दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. ती रडत नव्हती. गाणं मात्र ओठांतल्या ओठांत म्हणत होती, म्हणजे आईला कळू नये.

गाणी आटोपल्यावर मोठी पोरगी एकटी आमच्या ओट्याशी आली. "तिला कवा धाडता?"

"नाही धाडायचं," ताई आतून म्हणाली.

"मंग कोनीतरी आधी इचारून घ्या ना घरोघर. पर आमच्यातलं कोनी नको. ते लगेच फोडून टाकतेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "ह्या मावशीला पाठवा. ही कुठं बोलते."

ताईला हसू आलं. मला आलं नाही. अनोळखी नऊ घरांत जाऊन बायकांशी बोलायचं, त्यापेक्षा मला परत गणिताचा पेपर बरा. पण भाचीने फटीवरचा डोळा काढून माझ्याकडे वळवला होता.

तेव्हापासून मी रोज दुपारी, ज्या घरी संध्याकाळची खिरापत असेल, तिथे जाऊ लागले. पहिला नंबर काकूंचाच होता, आदल्या दिवशी त्यांच्याकडे फक्त गाणी झाली होती, खिरापत त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. मी उंबऱ्यावर उभी राहून पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "काकू, आज खिरापतीला काय आहे, कशात कुटलं आहे आणि कुठल्या तेलात तळलं आहे?"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आज बरी जीभ फुटली." मग त्यांनी मला आत ओढलं, दार लावलं आणि कानाशी येऊन सांगितलं. कणीक आणि गूळ. तेल करडईचं, नवा डबा फोडलेला. खलबत्त्याचं कामच नव्हतं, तरी तो राखेनं घासून उन्हात पालथा घातला होता. "कोनाला बोलशील तर बघ," त्या म्हणाल्या. मी ताईलाही सांगितलं नाही. "चालेल," एवढंच म्हणाले. ताईने भाचीची वेणी घालायला घेतली.

संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर डबा आला. पोरींनी हलवला. आत खडखड वाजलं.

"शंकरपाळे," एक म्हणाली.

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"फुटाणे."

"हाड."

भाचीने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाली, "भजी."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. शेवटी मोठ्या पोरीने ओळखलं, गुळाच्या कापण्या. वाटप सुरू झालं आणि सवयीने भाचीचे हात मागे गेले. काकू तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. "म्होरं कर हात. दोन्ही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ताई दारात उभी होती, तिने पदर मुठीत धरला होता.

भाचीने कापणी तोंडात घातली. आम्ही तिच्या ओठांकडे पाहत होतो. ते हलत होते, एवढंच.

"कशी हाय?" काकूंनी विचारलं.

"कडक आहे."

"आता बया, वरून नावं ठेवती," काकू म्हणाल्या आणि तिच्या ओंजळीत आणखी दोन टाकल्या.

निघतानाचं शेवटचं गाणं राहिलं होतं. पोरींनी फेर धरला आणि गाऊ लागल्या. भाचीला गाता येत नव्हतं, तोंड भरलेलं होतं.