टेपातली अनोळखी बाई

सेलूच्या हरिओमला कुणी "काय करायलास सध्या?" म्हणून विचारलं, की तो आधी डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "साउंडवर काम करायलोय." बापाचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं, आणि हे महाशय कानाला हेडफोन लावून बसलेले! त्या मिटलेल्या डोळ्यांचा राजेश्रीला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी वीट आला होता.

गाण्यांचं रेकॉर्डिंग घरातच व्हायचं. पाहुण्यांच्या गाद्या काढून भिंतीला उभ्या करायच्या, पंखा बंद, दार लावलेलं, आणि कुकरच्या शिट्टीला बंदी. शाळेत दिवसभर पोरांसमोर घसा फोडून आलेल्या राजेश्रीनं उपाशीपोटी गप बसायचं, कारण साहेब आत कुजबुजत होते. हो, कुजबुजतच! लो-फाय गाणं म्हणजे असंच असतं म्हणे. आधी चांगलं स्वच्छ रेकॉर्डिंग करायचं, आणि मग कॉम्प्युटरवरून त्याच्यावर जुन्या टेपची खरखर चढवायची.

"अवं, नवंकोरं लुगडं घेऊन त्याला ठिगळ लावायलात का?" राजेश्रीनं एकदा विचारलं होतं.

"तुला न्हाई कळायचं," तो म्हणाला. हे उत्तर त्याच्याकडं सगळ्याच प्रश्नांना तयार असायचं.

परभणीत असली आणखी काही रत्नं होती. एकमेकांची गाणी ऐकायची, माना डोलवायच्या आणि लग्नातल्या डीजेला नावं ठेवायची. बाकी दुनियेला त्यांचा पत्ता नव्हता, आणि त्याचाच त्यांना लय माज.

राजेश्री गंगाखेडकडची, शेतकऱ्याची लेक. काम करता करता ती स्वतःशीच काहीबाही जुळवून म्हणायची. एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना माहेरी फोन लागेना. वैतागली, आणि त्या वैतागातच तिनं चाल धरली:

"गच्चीवर उभी मी, रेंज येईना,
माहेराचा बोल बाई कानी येईना."

हरिओम जिन्यात उभा होता. त्यानं मोबाइलवर ते टिपून घेतलं. रात्री जेवताना म्हणाला, "तुझा आवाज घेतलाय गाण्यात. नाव लावीन तुझं."

"मला काय करायचंय नाव?" राजेश्री वरवर म्हणाली. पण आतून अशी हरखली की विचारू नका. आजवर ती कुणाची तरी लेक, कुणाची सून, नाहीतर शाळेतल्या मॅडम. तिनं जुळवलेल्या गाण्याला तिचं नाव लागणार होतं! शाळेतल्या बायांना सांगून झालं, माहेरी सांगून झालं. परभणीच्या त्या रत्नांनी गाणी ऐकवायचा कार्यक्रम ठेवला, त्याला ती ठेवणीतली साडी नेसून गेली.

एका क्लासच्या हॉलात सतरंज्या टाकल्या होत्या. भर दुपारी पडदे ओढून अंधार केलेला. हरिओमच्या हातात माइक आला आणि त्याची बोलीच पालटली. "हा आवाज मला जिंतूरच्या बाजारात, भंगारातल्या एका कॅसेटमध्ये सापडला," तो म्हणाला. "चाळीस वर्षांपूर्वीची कुणी अनोळखी बाई. ना नाव, ना गाव. आज ती हयातही नसावी."

राजेश्रीचे कान तापले. नाव तर राहिलंच, मेल्यानं जिवंतपणी मारून टाकलं!

गाणं लागलं. खरखर, खरखर, आणि त्या खरखरीतून राजेश्रीचाच आवाज. रेंज येईना. सगळ्यांनी डोळे मिटले. भारत म्हणून एक कवी पुढं बसला होता, तो उसासा टाकून म्हणाला, "काय वेदना हाय!" एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि हरिओमच्या? त्यानं ते गाणं खरखर कमी-जास्त करत महिनाभर घोळवलं होतं, पण शब्द ऐकले होते कुठं? बायको काय म्हणते ते ऐकायची त्याला सवयच नव्हती.

राजेश्रीला आधी हसू फुटलं. मग अशी चीड आली की ती उठून उभीच राहिली.

"चाळीस वर्षांमागं मोबाइलची रेंज कुठली हो?"

पटापटा डोळे उघडले. हरिओम माइकवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाला, "खाली बस. घरी बोलू."

"घरी कशाला? मेलेली बाई हितंच बोलायलीय." आणि तिनं त्या दोन ओळी उभ्याउभ्या म्हणून दाखवल्या, खणखणीत, खरखरीशिवाय. आवाज तोच होता. माना हरिओमकडं वळल्या. तो माइकची वायर गुंडाळायला लागला.

भारत चाचरत म्हणाला, "वहिनी, म्हंजे... गाणं तुमचंय? मंग नाव काय लावायचं?"

आजवर तिनं चारचौघांत नवऱ्याला 'ह्यांनी, ह्यांचं' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"राजेश्री," ती म्हणाली. "नुसतं राजेश्री. आडनाव लावू नका, ते ह्याचं हाय."