सीतारामआबांची थोरली

शेडमध्ये आल्यावर सीतारामआबा आधी कुणाशीच बोलत नसत. डबा खिळ्याला अडकवायचा, उजव्या हाताची पालथी बाजू इंजिनाच्या पोटाला लावायची आणि ताप आलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसं क्षणभर थांबायचं. रात्रभर विझलेल्या बॉयलरमध्ये किती ऊब उरली आहे, त्यावरून सकाळी लाकूड किती लागेल ते त्यांना कळायचं. मग म्हणायचे, "थोरली बरी हाय."

थोरली म्हणजे ते इंजिन. एका साखर कारखान्याच्या आवारात कित्येक वर्षं गंजत पडलेलं. एका पर्यटन कंपनीने ते लोणावळ्याला आणून दुरुस्त केलं आणि तळ्याच्या कडेने अडीच किलोमीटरचे रूळ टाकून त्यावर फेऱ्या सुरू केल्या. पण ते पेटवणारा माणूस मिळत नव्हता. परंदवडीचे सीतारामआबा तरुणपणी दौंडच्या शेडमध्ये फायरमन होते. वाफेची इंजिनं गेली तेव्हा त्यांना पार्सल ऑफिसात बसवलं आणि उरलेली नोकरी त्यांनी गोण्यांवर शिक्के मारण्यात काढली. बायको गेल्यावर ते घोरावाडी स्टेशनाजवळच्या खोलीत एकटेच राहत. सत्तरीच्या तोंडावर पुन्हा फावडं हातात आलं. मॅनेजर रुचिरने पगाराचं विचारलं, तर म्हणाले, "ते तुमी बघा. आदी भट्टी दाखवा."

लाकूड आणायला हिरी होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली, चाळिशीची, लहानपणापासून मोळ्या विकत आलेली. गाडीचे डबे पुसायचं कामही तिच्याकडेच.

"सावरीचं लाकूड नगं आनू गं, नुसता धूर करतं."

"लाकूड मला शिकवताय व्हय, आबा? ऐनाचंच हाय ते. आन् थोरली थोरली करताय, धाकली कुटंय तुमची?"

"धाकली गेली देवाघरी. थोरलीनं दम धरलाय."

दोघं हसायची. ती तीन वर्षं आबांच्या चेहऱ्यावर काजळी असायची आणि काजळीखाली ते तरुण दिसायचे.

भिंतीवर आबांनी खडूने एकच नियम लिहिला होता : संध्याकाळी आग पूर्ण ओढून काढायची. रात्री शेडमध्ये कुणी नसतं, आणि बॉयलरची एक झडप थोडी गळत होती. निखारे राहिले तर पाणी उतरत जाणार. भट्टीच्या छतात शिशाचं एक बूच असतं. पाणी उतरलं की ते वितळतं आणि वरची वाफ खाली येऊन आग विझवते. मग इंजिन बंद.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आबांना थंडी वाजून ताप भरला. ते दुपारीच घरी गेले. जाताना हिरीला म्हणाले, "आग वढून टाक."

हिरीला नियम वाचता येत नव्हता, पण तो तिला तोंडपाठ होता. तरीही त्या संध्याकाळी तिच्या हातून आग ओढवेना. तिच्या घरी चूल कधी कुणी पुरती विझवत नाही. निखारे राखेखाली झाकतात, सकाळी फुंकर घातली की झालं. आजारी म्हातारा सकाळी येणार आणि नवी आग पेटवत तीन तास भट्टीपुढे वाकून बसणार. तिने ऐनाची दोन लाकडं आत सारली आणि वरून राख पसरली.

सकाळी आबा आले तेव्हा बूच वितळलं होतं आणि शेड वाफेने भरली होती. कुणाला इजा झाली नाही. बाहेर तिकिटं काढलेले लोक उभे होते.

"आग कुणी ठेवली?" रुचिरने विचारलं.

हिरीने तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले. "म्या. इसरलो."

"काका, नियम तुम्हीच लिहिलाय ना?"

"लिवला, सायेब. वय झालं."

रुचिर वाईट माणूस नव्हता. त्याने आबांना चहा पाजला, आणि उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. पेटवणारा दुसरा कुणी मिळाला नाही, आणि महिनाभरात बॉयलर भंगारात गेला. इंजिनाच्या पोटात डिझेलची मोटर बसली. धुराड्यातून लग्नाच्या स्टेजवर सोडतात तसला धूर निघू लागला आणि शिट्टी स्पीकरवर वाजू लागली. हिरीचं काम टिकलं. मार्चमध्ये तिने धीर करून रुचिरला खरं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, आता सांगून काय उपयोग? पेटवायचं काही उरलंच नाही."

मे महिन्यात, आबा जाण्याच्या तीन दिवस आधी, हिरी करवंदं घेऊन घोरावाडीला गेली. आबा खाटेवर होते, खूप वाळलेले. त्यांनी इंजिनाचं विचारलं. धुराला वास नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"आबा, त्या दिशी ती आग..."

"ठावं हाय. भट्टीचं दार उघडलं तवाच कळलं. शेडातला मानूस राख खाली पाडतो. वरून झाकती ती चुलीवरची बाई."

हिरीला हुंदका आवरेना. "मंग माजं नाव का न्हाई घेतलं?"

करवंदांचा द्रोण आबांनी खाटेखाली सरकवला, मग खिडकीतून स्टेशनाकडे पाहिलं.

"ऊठ आता, हिरे. लोणावळ्याची लोकल हीच हाय. फुडची तळेगावापतूरच जाती."