बाईंची दुर्बीण आणि आम्ही चार चष्मेवाले

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पक्षी बघायला जातो. दिसलेल्या पक्ष्यांची नावं लिहायला एक वही आहे. किश्श्यांना वही नाही, तरी मोजायला बसलं तर किस्सेच जास्त भरतील! कारण साधं आहे. पक्षी बघायला नजर लागते आणि आम्ही चौघंही चष्मेवाले.

जोगदंड बाई आमच्या गुरू. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं त्यांनी. बबन त्यांचा जुना विद्यार्थी, आता बिडकीनकडं एका कंपनीत सुपरवायझर आहे. अय्यूबभाईंचं चष्म्याचं दुकान. आणि चौथा मी, नंबर उणे नऊ. चष्मा काढला की सख्ख्या बायकोलाही आवाजावरून ओळखतो.

* * *

जुन्या दुर्बिणीतून बघायचं तर चष्मा काढावा लागायचा. पक्षी शोधायला चष्मा घाला, बघायला काढा. तोवर पक्षी पसार!

एकदा बबननं घाईघाईत चष्मा काढून मोटारसायकलच्या सीटवर ठेवला. पक्षी उडाला, बबन वैतागून मागं सरकला आणि सीटवर बसला. कर्रर्र!

बाईंना सवयच, आवाज आला की परीक्षा घ्यायची. मागं न बघताच म्हणाल्या, "सांगा बरं, हा आवाज कुणाचा?"

अय्यूबभाई म्हणाले, "बाई, ये तो मेरे गिऱ्हाईक का आवाज है!"

* * *

मग बबननं कुठून तरी नवी दुर्बीण मागवली. "आठपट काय बघता? ही वीसपट हाय!"

वेरूळला समोरच्या कड्यावर ससाणा बसला होता. बबननं दुर्बीण लावली आणि ओरडला, "बाई, लई मोठा दिसतोय, पर एका जागी थांबंना की!"

"ससाणा शांत बसलाय रे," बाई म्हणाल्या. "हलतोयस तू!"

पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीनं वाढते, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. ती दुर्बीण आता बबनच्या घरी कपाटावर असते.

* * *

पुढचा किस्सा सांगताना मी अजूनही आधी हसतो, पण ते हसू शेवटपर्यंत टिकत नाही.

एकदा मी बाईंच्या हातात दुर्बीण दिली आणि पुढची झाकणं काढायची विसरलो. बाईंनी ती चष्म्यावर टेकवली, मिनिटभर पाहिलं आणि म्हणाल्या, "छान! नर आहे."

आम्ही पोट धरून हसलो. बाईही हसल्या. मग सावकाश म्हणाल्या, "अरे, मला झाकणं असली काय नि नसली काय. चष्म्यावरून दोन काळे गोलच दिसतात. चष्मा काढला तर सगळं धुकं. इतकी वर्षं मी आवाजावरूनच सांगते तुम्हाला."

मग त्यांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचा पडदा गेल्यातच जमा आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणालेत, वर्षभरात जे बघायचं ते बघून घ्या.

ज्या बाईंनी आम्हाला बघायला शिकवलं, त्यांनी स्वतः धड एक पक्षी पाहिला नव्हता. परत येताना गाडीतच ठरलं, काहीही होवो, बाईंना भारीतली दुर्बीण घ्यायची.

* * *

बाईंना घेऊन पुण्याच्या मोठ्या दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, "मॅडम, चष्मा काढून बघा, फोकस फिरवला की झालं."

अय्यूबभाईंना तेवढं पुरलं! "अरे बाबा, सीधा नंबर चक्र फिराके जाता. तिरछा नंबर, वो सिलिंडरवाला, नहीं जाता. बाई का तिरछा है. चष्मा पहनके ही देखना पडेगा!"

मग त्यांनी आम्हाला समजावलं. खिडकीला नाक लावलं की सगळी गल्ली दिसते. दोन पावलं मागं सरकलात की फक्त समोरच्याचं दार. चष्मा आपल्याला मागं सरकवतो, म्हणून लांबूनही सगळं दाखवणारी काच हवी. डोळा आणि काच यांत सोळा-सतरा मिलिमीटर अंतर ठेवलं तरी चालणारी पाहिजेच.

त्या माणसानं एकामागून एक अकरा दुर्बिणी काढल्या. अय्यूबभाईंनी अकराही बाईंच्या डोळ्याला लावून पाहिल्या आणि अकरावी घेतली. विक्रेत्यानं चहा मागवला, तो बहुतेक स्वतःसाठीच होता!

* * *

दुर्बीण आठवडाभर बबनकडं होती. रविवारी बाईंनी ती लावली. पुन्हा तेच दोन गोल, थोडे मोठे एवढंच. "बरं दिसतंय," बाई म्हणाल्या. आमचे चेहरे पडले.

अय्यूबभाईंनी दुर्बीण हातात घेतली आणि किंचाळलेच. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडच्या रबरी कडा फिरवून आत बसवायच्या असतात. इथं त्या बाहेर आलेल्या होत्या आणि फिरतच नव्हत्या, कारण बबननं धूळ बसू नये म्हणून दुर्बिणीला टीव्हीच्या रिमोटसारखं प्लॅस्टिक चढवून टेप मारला होता!

"भारीतली वस्तू हाय, म्हणून गुंडाळली," बबन म्हणाला. "आमच्यात लग्नातल्या सोफ्याचं प्लॅस्टिक अजून काढलं नाय!"

"सोफे से पंछी देखता क्या तू?" म्हणत अय्यूबभाईंनी टेप दातानं तोडला.

* * *

त्याच सकाळी आम्ही त्या हिवाळ्यात पहिल्यांदा जायकवाडी धरणावर होतो. तिथं पाण्यात एक वाळकी बाभूळ उभी आहे. आम्ही हिवाळ्यातच तिकडं जातो आणि दर वेळी तिच्यावर पांढऱ्या डोक्याचा एक शिकारी पक्षी बसलेला असतो, लांब आणि गुपचूप. बारा वर्षांपूर्वी आम्ही डोकं पांढरं असल्याचं सांगितलं आणि बाई म्हणाल्या होत्या, "कैकर! हजारो मैलांवरून आलाय पाहुणा." तेव्हापासून दर हिवाळ्यात तो पहिल्यांदा दिसला की बाई पेढे वाटायच्या आणि आम्ही खायचो.

बाईंनी दुर्बीण चष्म्यावर टेकवली. फोकसचं चक्र सावकाश फिरवलं.

"अंग विटकरी आहे," त्या म्हणाल्या. "ही ब्राह्मणी घार आहे. ही तर बाराही महिने इथंच असते."

आम्ही तिघं पाण्याकडं बघत राहिलो.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

अय्यूबभाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"दुसऱ्या वर्षापास्नं, बाई," बबन म्हणाला.

बाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली. चष्म्याखालून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. घार उडाली, पाण्यावरून गोल फिरून परत बाभळीवर बसली. तोवर त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

मग पिशवीतून पेढ्यांचा खोका काढला, उघडला आणि आमच्यापुढं धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ब्राह्मणी घार आलीय."